पेंटर-सानचा रविवारचा वर्ग

वर्ध्यात कुणाला 'थूल सर कुठे राहतात' असं विचारलंत, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. 'पेंटर-सान' म्हटलंत, तर पानठेल्यावरचा माणूस खर्रा घोटणं थांबवून रस्ता दाखवायला बाहेर येईल. प्रेमदास थूल तो हाच; 'सान' म्हणजे आपलं 'राव', जपानीतलं. वय साठीला टेकलेलं, मिशा अजून काळ्या (त्या कशा काळ्या राहिल्या ते त्याच्या बायकोला, अन्नपूर्णाला, विचारा), अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्या शर्टावर कुठेतरी शाईचा एक ठिपका. दर रविवारी सकाळी तो बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ब्रशने जपानी अक्षरं लिहायला शिकवतो. वर्ध्यात, जपानी अक्षरं! आणि शिकायला माणसं येतात, ही त्यातली खरी गंमत.

प्रेमदासचं मूळ गाव केळझरच्या अलीकडे. शाळेत त्याचं डोकं फारसं चाललं नाही, पण फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर त्यालाच उठवत. मिसरूड फुटायच्या आत तो कारंजा घाडगेला गेला आणि हायवेवर ट्रक रंगवणाऱ्या नत्थूजी पेंटरच्या हाताखाली लागला. नत्थूजींचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं, "आधी आखाचं, मंग भराचं." खडूने अक्षराची बाह्यरेषा काढायची आणि मग आत रंग भरायचा, कोपऱ्याकोपऱ्यात, एक कण मोकळा न ठेवता. रंग पातळ लागला तर दुसरा हात, रेषा हलली तर तिसरा हात. गिऱ्हाइकाला खोट दिसता कामा नये. प्रेमदास हे असं शिकला की पुढे त्याने वर्ध्यात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा ढाबेवाले कारंज्याहून पाटी रंगवून घ्यायला त्याच्याकडे येऊ लागले.

मग फ्लेक्स आले. प्रेमदास त्यावर डोकं धरून बसला नाही. शाळांच्या भिंती होत्या, ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या टाक्या होत्या, आणि अन्नपूर्णाला सेवाग्रामच्या दवाखान्यात आयाची पक्की नोकरी होती. घर चालत होतं. अशाच एका कामासाठी विहाराची पाटी रंगवायला तो शिडीवर चढला, आणि तिथे त्याला माताजी भेटल्या.

माताजी जपानी भिक्खुणी. डोक्याचा गोटा, पिवळं चीवर, उंची जेमतेम प्रेमदासच्या खांद्याएवढी. दीक्षा घेण्याआधी त्या जपानमध्ये एका शाळेत ब्रशलेखन शिकवायच्या. नाव म्योशुन, पण ते कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्यांना माताजी करून टाकलं. त्या इथे आल्या त्या कितीतरी वर्षांपूर्वी. हिंदी तोडकंमोडकं, लिंगवचनाची फिकीर न करणारं, पण बोलायला अजिबात न घाबरणारं.

त्या शिडीखाली उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम अक्षर नहीं लिखता. अक्षर का घर बनाता है. फिर उसमें रंग रखता है."

प्रेमदासचा पारा चढला. कुणी त्याच्या मिशांवर बोललं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं, पण हा थेट नत्थूजींचा अपमान होता. तो खाली उतरला. माताजींनी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, जाड ब्रश काळ्या शाईत बुडवला आणि डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढली. बस्स, एक रेघ. "ये एक," त्या म्हणाल्या. "जपानी में एक का अक्षर. तुम लिखो."

एवढंच ना! प्रेमदासने ब्रश घेतला आणि लिहिलं. कागदावर एक पडवळ उमटलं.

त्या दिवशी तो घरी आला तो धुमसतच. जेवताना अन्नपूर्णाने विचारलं, "काऊन जी, आज भाजीत मीठ जास्त झालं का?" तर म्हणाला, "नाई. मले एक लिवता येत नाई." ती हसत सुटली. पुढच्या रविवारी तो पाटीचं काम नसताना विहारात गेला, आणि त्यानंतर जातच राहिला.

पहिले कितीतरी महिने त्याने त्या एका रेघेशिवाय काही लिहिलं नाही. शाई बाटलीतली नाही. काळ्या वडीची, दगडावर पाणी घालून उगाळलेली, आईने बाळाला गुटी उगाळावी तशी सावकाश. घाईने उगाळली की माताजी ती फेकून देऊन पुन्हा उगाळायला लावत. ट्रक रंगवणाऱ्या माणसाच्या नाकी नऊ आले. पण सगळ्यात अवघड होतं ते न भरणं. ब्रशमधली शाई संपत आली की रेघेत पांढरे पट्टे उमटतात. जपानी लेखनात ते तसेच ठेवायचे. एकदा ओढलेल्या रेघेवर ब्रश परत न्यायचा नाही, मग ती कशीही उतरो. प्रेमदासच्या हाताला हे पटेना. पट्टा दिसला की ब्रश आपोआप तिकडे वळायचा आणि माताजी खालून कागद ओढून घ्यायच्या.

"मत भरो!"

"अहो माताजी, ऐसा छोड़ा तो गिऱ्हाईक पैसा नहीं देगा."

"इधर गिऱ्हाईक कौन है?" माताजी विचारायच्या आणि हॉलभर बघायच्या. हॉलमध्ये त्या दोघांखेरीज कुणी नसायचं.

हळूहळू हात मोकळा झाला. एकावरून तो आकाशावर गेला, मनावर गेला, पाण्यावर गेला. हॉलमध्ये आणखी माणसंही यायला लागली. जपानी काय असतं ते बघायला आलेली कॉलेजची मुलं, दोन-तीन निवृत्त मंडळी, आणि प्रेमदासचा जुना गिऱ्हाईक ओमप्रकाश, ज्याचा कारंज्याला ढाबा होता आणि ज्याला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी 'काहीतरी शांत करा' म्हणून सांगितलं होतं. माताजींचे गुडघे दुखायला लागले तसं नव्या माणसांना बसवून पहिली रेघ घोटून घ्यायचं काम प्रेमदासकडे आलं. माताजी मागे खुर्चीवर बसून बघायच्या.

शिकवायला तो बसला की अगदी रंगात यायचा. नवा माणूस कोण हे त्याला न सांगता ओळखू यायचं. आकाशाच्या अक्षराला वर आडवी रेघ असते आणि खाली हातपाय पसरलेल्या माणसासारखा आकार. जपानात ती पहिल्यांदा ओढतात. आपल्याकडचा माणूस शहाण्यासारखा आधी खालचं सगळं लिहितो आणि शेवटी वर रेघ मारून मोकळा होतो, कारण पहिलीपासून बाईंनी तसंच घोटून घेतलेलं असतं. "अरे बाप्पा, टिनाचं छप्पर शेवटी टाकते ते घराले," प्रेमदास सांगायचा, "इथं आधी आभाय येते, मंग त्याच्या खाली माणूस." रेघेचा शेवट कसा करायचा, तर घाट उतरताना ट्रक ब्रेकवर ठेवतात तसा, दाबत दाबत आणि मग पूर्ण थांबून. ओमप्रकाशला हे एका झटक्यात कळलं. बाकीच्यांना ओमप्रकाशने समजावलं.

एकच खोट होती, आणि ती माताजींना ठाऊक होती. प्रेमदासच्या तोंडून कधी 'नाही' निघायचं नाही. कुणाचं पडवळ उमटो नाहीतर दोडकं, तो म्हणायचा, "मस्त! भल्लं मस्त!" समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवायचं नाही. कुणी फारच हिरमुसलं तर इकडेतिकडे बघून तो हळूच त्याची रेघ भरून द्यायचा. माताजी म्हणायच्या, "तुम सबको खुश करता है, पेंटर-सान. तुम दुकानदार है."

आता त्या लाल शाईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिष्याचा कागद गुरू लाल शाईने तपासतो. चुकलं तिथे काळ्या रेघेवर लाल रेघ ओढून दाखवतो आणि साधलं तिथे लाल गोल काढतो. लाल शाईची बशी आणि तिचा ब्रश फक्त गुरूचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. माताजी गोलाच्या बाबतीत कंजूष होत्या, पण अगदीच देत नव्हत्या असं नाही. आकांक्षा नावाची फार्मसीची मुलगी आली आणि पहिल्या पावसाळ्यातच गोल घेऊन गेली. ओमप्रकाशला एकदा मिळाला. त्याने तो फ्रेम करून ढाब्याच्या गल्ल्यामागे लावला, आणि आता ट्रकवाले तो जपानी देव समजून नमस्कार करतात. प्रेमदासला मात्र एकही नाही. इतक्या वर्षांत त्याच्या कागदावर लाल रेघा कमी कमी होत गेल्या, पार नाहीशाही झाल्या, पण गोल काही उमटला नाही. माताजी कागद बघायच्या, "हूं" म्हणायच्या आणि परत द्यायच्या.

प्रेमदास इतरांच्या गोलांना टाळ्या वाजवायचा, आणि मनापासून वाजवायचा. पण रात्री जेवताना विषय निघायचाच. अन्नपूर्णाने एकदा वैतागून म्हटलं, "येवढं काय हाये जी त्या गोलात? घरी लाल ऑइल पेंटचा डबा पडला हाये, मी काढून देतो एक मोठ्ठा." तो हसला, पण ते त्याला लागलं. खरं तर त्याचं समाधान त्या गोलावर थांबलेलं नव्हतं. शाई उगाळायला बसलं की त्याला जगात काही कमी वाटत नसे. तरी माताजींनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, एवढी आस मात्र होती.

मागच्या हिवाळ्यात बातमी आली. माताजींनी ऐंशी ओलांडली होती आणि त्यांच्या जपानच्या संघाने त्यांना कायमचं परत बोलावलं होतं. बातमीपाठोपाठ रूपरावजी आले. रूपरावजी विहार समितीचे अध्यक्ष, तहसीलमधून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के आणि मनाने सरळ.

"पेंटर, आता हॉलचं पाहा लागन," ते म्हणाले. "पोट्टे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कराले जागा मागून राह्यले. अभ्यासिका कराची म्हणते समिती."

"मंग आमचा वर्ग?"

"माताजी होत्या तवरी माताजीचा वर्ग. त्या गेल्यावर चालवन कोण?"

"मीच तं शिकवून राह्यलो ना, रूपरावजी. किती वर्षं झाले!"

"तू मदत करतं. माताजीनं तुले मास्तर म्हटलं का कधी?"

प्रेमदास बोटावरची वाळलेली शाई खरवडायला लागला. रूपरावजींनाच वाईट वाटलं. ते म्हणाले, "मी काही वैरी नाई तुमचा. माताजी समितीसमोर सांगतीन का हा मास्तर, तं रविवार सकाळ तुमची. पोट्ट्यांले बाकी दिवस. पण त्याईच्या तोंडून आलं पायजे."

प्रेमदास तसाच माताजींकडे गेला आणि हात जोडून उभा राहिला. माताजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवार को देखेगा."

तो आठवडा अन्नपूर्णालाच विचारा. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे तिकडे वाळत घातलेले कागद, आणि सगळ्यांवर एकच अक्षर, मन. ब्रशचे चार फटकारे, त्यातले तीन नुसते ठिपके, आणि त्यांच्या मधून पोट टाकलेली एक वळणदार रेघ. शनिवारी संध्याकाळी एक कागद असा उतरला की प्रेमदासने पुढचा कागद घेतलाच नाही. असं अक्षर त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने तो कागद सुरळी करून नव्या टॉवेलात गुंडाळला.

रविवारी हॉल भरला होता. समिती पहिल्या रांगेत खुर्च्यांवर, शिष्य जमिनीवर. ओमप्रकाशने ढाब्यावरून आलुबोंड्यांचं पातेलंच आणलं होतं. अन्नपूर्णाने दवाखान्यातली ड्युटी बदलून घेतली होती आणि ती मागच्या बाजूला चहाचं बघत होती. इतक्या वर्षांत वर्गाच्या वेळी ती हॉलमध्ये पहिल्यांदाच येत होती.

प्रेमदासने जयभीम घातला, माताजींसमोर बसला आणि टॉवेल सोडायला लागला. माताजींनी त्याच्या हातातून सुरळी काढून घेतली आणि न उघडता आपल्या झोळीत टाकली.

"ये जपान में देखेगा," त्या म्हणाल्या. मग हॉलभर नजर फिरवली आणि चहाच्या पातेल्याकडे बोट केलं. "उनको सिखाओ."

"कुणाले? मले?" अन्नपूर्णा गाळणी हातात घेऊनच उभी राहिली. "मले काऊन? माह्या चहा उतू जाईन!"

आकांक्षाने तिच्या हातातली गाळणी घेतली आणि बायकांनी तिला पुढे ढकललं. पदर खोचून ती कागदासमोर बसली. सगळी तयारी लिहिण्याची केलेली, आणि ही परीक्षा कुठून निघाली? पण नव्या माणसाचा हात धरून पहिली रेघ काढून घ्यायची पद्धत त्याला पाठ होती. तो तिच्या मागे गुडघ्यावर बसला आणि तिच्या ब्रश धरलेल्या हातावर आपला हात ठेवला.

भर सभेत! समितीसमोर! पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं. ओमप्रकाशला राहवलं नाही, "पेंटर, लग्नात तरी धरला होता का गा येवढा घट्ट?" हॉल खदखदून हसला. अन्नपूर्णाचे कान लाल झाले. प्रेमदासने 'एक'ची रेघ सुरू केली, तिचा हात दाबून, तिच्या हाताने स्वतःच लिहायला. रेघ झोकात निघाली.

"अवो, सोडा ना," ती हळूच म्हणाली. "तुमीच लिवून राह्यले. मंग मी कायले बसलो?"

त्याने हात काढला. दुसरा कागद घातला. ती एकटी लिहू लागली.

ब्रश टेकला तो नेमका टेकला. आयुष्यभर आजारी माणसांना कुशीवर वळवलेला हात होता तो. घाबरला नाही, थरथरला नाही. रेघ सरळ, जड, भरदार चालली, आणि प्रेमदास बघत राहिला. पण शेवटाला, थांबायच्या जागी, तिने पटकन ब्रश उचलला. शेपूट बारीक होऊन हवेत गेलं. तिच्या लक्षातही आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच दिवशी इतकी देखणी रेघ! प्रेमदासचं पडवळ आठवणारा माताजींखेरीज तिथे तो एकटाच होता.

तेव्हा माताजी उठल्या. गुडघ्यांना सांभाळत पुढे आल्या, लाल शाईची बशी आणि तिचा ब्रश दोन्ही हातांनी उचलून प्रेमदासच्या पुढे धरला आणि वाकल्या.

ती बशी आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. रूपरावजींनी शेजारच्याकडे बघून मान हलवली, झालं, ठरलं. प्रेमदासने बशी घेतली तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

"गोल काढा, सर!" मागून आकांक्षा ओरडली. "गोल! गोल!" सगळे म्हणायला लागले.

अन्नपूर्णा मान वळवून त्याच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर असं काही होतं की त्याचा हात आपोआप उचलला गेला. या बाईने किती रविवार त्याचं जेवण झाकून ठेवलं होतं, त्याचे ब्रश मोरीत धुतले होते, त्याच्या गोलाचं रडगाणं ऐकलं होतं. एक गोल काढायला काय जात होतं? सगळे खूश होणार होते. माताजी तर जायला निघाल्याच होत्या, आणि आता कोण काय म्हणणार होतं!

त्याने लाल ब्रश बुडवला. रेघेकडे पाहिलं. शेवटाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. ते शेपूट तिथेच होतं.

आयुष्यात त्याने समोरच्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा म्हणायचं ते हिला, इतक्या लोकांत. गोल काढला तर ती घरी जाऊन तो भिंतीला लावेल आणि रेघ कुठे थांबते ते तिला कधीच कळणार नाही. कुणीच सांगणार नाही. सांगणारा आता तोच होता.

लाल ब्रश त्याने तिच्या रेघेच्या शेवटावर टेकवला, दाबला, थांबवला आणि सरळ वर उचलला.

"इथं थांबाचं होतं," तो म्हणाला. "रेघ भल्ली दमदार हाये तुही. पण शेवटी घाई झाली. गोल नाई भेटत."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. ओमप्रकाश पुटपुटला, "गेला पेंटर. आता घरी जेवाले नाई भेटत." पण कुणी हसलं नाही. अन्नपूर्णाचा चेहरा पडला होता. तिने मान खाली घातली आणि प्रेमदासला वाटलं, ही आता उठणार आणि पुढचे चार दिवस आपल्याशी बोलणार नाही.

ती कागद बघत होती. काळी रेघ, तिच्यावरची लाल. बोट न टेकवता तिने हवेतच ती लाल रेघ गिरवली, शेवटाला बोट थांबवलं आणि मग उचललं. परत एकदा गिरवली.

"हाव," ती म्हणाली. "उचलला मी लवकर."

माताजी रूपरावजींकडे वळल्या. "मास्टर इधर है," त्या म्हणाल्या. "अब मैं जा सकता है." आणि आलुबोंड्याकडे बोट करून ओमप्रकाशला विचारलं, "ये गरम है?"

रूपरावजी उठून टाळ्या वाजवू लागले, मग सगळा हॉल वाजवू लागला. लोक पुढे येऊन प्रेमदासचे हात हातात घेत होते, त्याच्या शर्टाला लाल शाई लागत होती, आणि त्याला एकीकडे रडू येत होतं, एकीकडे हसू. तेवढ्यात खालून कुणीतरी त्याच्या शर्टाचं टोक ओढलं.

अन्नपूर्णा होती. ती जागची उठलीच नव्हती. ब्रश पुन्हा शाईत बुडवून, पदर नीट खोचून बसली होती.

"लोकाईले मंग भेटजा," ती म्हणाली. "आधी मले दुसरा कागद द्या."